डेव्हलपर दिवसभर नेमकं काय करतो? फील्ड स्टडी म्हणजे काय आणि त्यातून काय समजलं

लातूरच्या ट्युशन एरियात बारावीच्या एखाद्या मुलाला विचारा, "सॉफ्टवेअर इंजिनिअर काय काम करतो?" उत्तर ठरलेलं असतं: "कोडिंग करतो." पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या त्याच्या दादाला किंवा ताईला विचारलं, तर तेही घाईत हेच सांगतात. पण त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून एक अख्खा दिवस बसलं, तर खरंच तेवढंच दिसेल का?

जगभरातल्या काही संशोधकांनी हेच करून बघितलं. ते कंपन्यांमध्ये जाऊन डेव्हलपरच्या मागे बसले आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. या प्रकारच्या अभ्यासाला 'फील्ड स्टडी' म्हणतात. मराठीत त्याला प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन केलेला अभ्यास म्हणता येईल. तो कसा करतात, त्यातून काय कळलं आणि आयटीत जायचं ठरवलेल्या मुलांना त्याचा काय उपयोग, ते या लेखात बघूया.

थोडक्यात सांगायचं तर

- डेव्हलपर काय करतो हे फक्त त्याला विचारून नीट कळत नाही. आपल्याच वेळेबद्दलचा माणसाचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.
- प्रत्यक्ष पाहिल्यावर दिसतं की नवीन कोड टाइप करणं हा कामाचा लहान भाग आहे. जुना कोड वाचणं, शोधणं, समजून घेणं आणि लोकांना विचारणं यात जास्त वेळ जातो.
- त्यामुळे तयारी करताना नुसतं कोड लिहायला शिकून भागत नाही. दुसऱ्याचा कोड वाचायला आणि वेळेवर प्रश्न विचारायलाही शिकावं लागतं.

फील्ड स्टडी म्हणजे काय?

डेव्हलपरचा अभ्यास करण्याचे दोन ढोबळ मार्ग आहेत. पहिला प्रयोगशाळेतला. काही लोकांना एका खोलीत बसवायचं, सगळ्यांना सारखाच प्रश्न द्यायचा आणि कोणाला किती वेळ लागतो ते मोजायचं. यात तुलना सोपी जाते. पण खऱ्या नोकरीत कोणी दोन तासांचा सुटसुटीत पेपर देत नाही. तिथे दहा वर्षं जुना कोड असतो, मध्येच फोन येतो, क्लायंटचं म्हणणं बदलतं, आणि ज्याने मूळ कोड लिहिला तो कंपनी सोडून गेलेला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे फील्ड स्टडी. यात संशोधक कामाच्या जागी जातो. डेव्हलपर त्याचं रोजचंच काम करत असतो आणि संशोधक ते टिपत असतो. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट नेमकी मोजता येते, तर फील्डमध्ये मुळात काय मोजायला हवं ते कळतं.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी फसगत कशी होते, याचं एक जुनं उदाहरण बघा. १९६८ साली अमेरिकेत सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी १२ अनुभवी प्रोग्रामरवर केलेला प्रयोग छापून आला. मूळ प्रश्न वेगळाच होता: कॉम्प्युटरसमोर बसून थेट काम करणं बरं, की प्रोग्राम देऊन उत्तराची वाट बघणं बरं? पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक आकडा. बग शोधताना सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू माणसात सुमारे २८ पटींचा फरक निघाला. एक भारी डेव्हलपर दहा जणांच्या बरोबरीचा असतो, ही समजूत पसरण्यात या आकड्याचा मोठा हात आहे. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की या तुलनेत वेगवेगळ्या भाषा वापरणारे आणि वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारे लोक एकत्र मोजले गेले होते. फरक असतो, पण इतका नाही. शिवाय १२ माणसांवरून सगळ्या जगाबद्दल बोलणं धोक्याचंच.

नुसतं विचारून का भागत नाही?

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' आहे ना? ते उघडायच्या आधी मनात अंदाज करा: काल इन्स्टाग्राम किती वेळ पाहिलं? मग खरा आकडा बघा. बहुतेकांचा अंदाज चुकतो. खोटं बोलायचं म्हणून नाही, तर आपल्याच वेळेचा हिशोब आपल्याला लागत नाही म्हणून. डेव्हलपरचंही तसंच आहे.

१९९७ मध्ये जॅनिस सिंगर, टिमोथी लेथब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या एका टेलिकॉम कंपनीत हे तपासलं. आधी डेव्हलपरना प्रश्नावली दिली: तुम्ही काय काय करता? उत्तरांमध्ये कागदपत्रं म्हणजे डॉक्युमेंटेशन वाचणं खूप वर होतं. मग संशोधक त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा डॉक्युमेंटेशन क्वचितच उघडलं जाताना दिसलं. सारखं चालू होतं ते कोडमध्ये शोधणं: हे नाव कुठे वापरलंय, हे फंक्शन कोण बोलावतंय, ही ओळ कुठून आली.

अगदी ताजं उदाहरण एआयचं आहे. २०२५ मध्ये 'मीटर' नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना घेऊन अभ्यास केला. काम खोटं नव्हतं. ते ज्या प्रोजेक्टवर कित्येक वर्षं काम करत होते, त्याच प्रोजेक्टमधली २४६ खरी कामं होती. कोणत्या कामात एआय वापरायचं आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी कमी लागेल. काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. मोजमाप मात्र उलटं निघालं: एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

यावरून "एआय निरुपयोगी आहे" असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. ही २०२५ च्या सुरुवातीची टूल्स होती आणि लोक आपल्या प्रोजेक्टचा कानाकोपरा ओळखणारे होते. नवख्या माणसाचं किंवा नव्या टूलचं चित्र वेगळं असू शकतं. पण 'वाटणं' आणि 'असणं' यात किती अंतर असतं, ते मात्र यातून स्पष्ट दिसतं.

हा अभ्यास करतात कसा?

मुख्य पद्धती पाच आहेत. चांगल्या अभ्यासात सहसा दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात, कारण प्रत्येकीत काही ना काही उणीव असते.

१. शेजारी बसून पाहणं. याला 'शॅडोइंग' म्हणतात, म्हणजे सावलीसारखं मागे राहणं. तपशील भरपूर मिळतो. पण एका वेळी एकच माणूस पाहता येतो.

२. मुलाखत. एखादा निर्णय का घेतला, हे पाहून कळत नाही. ते विचारावं लागतं. अडचण अशी की माणूस आठवेल तेवढं आणि शोभेल तेवढंच सांगतो.

३. वेळेची डायरी. डेव्हलपर स्वतःच दिवसभराची नोंद ठेवतो. स्वस्त आणि सोपी पद्धत आहे, पण छोट्या गोष्टी, म्हणजे दोन मिनिटांची चौकशी किंवा मध्येच आलेला फोन, लिहायच्या राहून जातात.

४. कॉम्प्युटरवरची नोंद. कोणती विंडो किती वेळ उघडी होती, हे सॉफ्टवेअर आपोआप टिपतं. आकडे नेमके मिळतात. मात्र स्क्रीनकडे बघत माणूस विचार करतोय की डुलकी काढतोय, हे त्याला कळत नाही.

५. कोडचा इतिहास तपासणं. गिटसारख्या टूलमध्ये कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. ओपन सोर्समुळे असे लाखो प्रोजेक्ट घरबसल्या तपासता येतात. २००४ पासून या विषयाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषदच भरते. पण चहाच्या टपरीवर जे ठरलं, ते गिटमध्ये येत नाही.

पाहिल्यावर काय दिसलं?

गप्पा म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे. जेराल्ड वाइनबर्ग यांचं प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९७१ मध्ये आलं. त्यात एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरची गोष्ट आहे. तिथे खाण्यापिण्याच्या मशीनजवळ विद्यार्थी घोळक्याने उभे राहायचे. गोंगाट होतो म्हणून ती मशीन्स हलवली. थोड्याच दिवसांत मदतकक्षासमोर रांग वाढली. आधी मुलं त्या घोळक्यातच एकमेकांचे प्रश्न सोडवत होती, हे तेव्हा लक्षात आलं.

विषयाची माहिती कमी पडते. बिल कर्टिस, हर्ब क्रॅस्नर आणि नील इस्को यांनी १७ मोठ्या प्रोजेक्टमधल्या लोकांशी बोलून १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रोजेक्ट अडकायची तीन मोठी कारणं सापडली: ज्या विषयासाठी सॉफ्टवेअर बनतंय त्याची माहिती फार थोड्या लोकांना असणं, गरजा सारख्या बदलणं किंवा एकमेकींच्या विरोधात असणं, आणि टीममध्ये निरोप नीट न पोचणं. यातलं एकही कारण 'प्रोग्रामिंगची भाषा येत नाही' असं नाही.

पहिलं कारण आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळेल. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करतो आणि ती सातबाऱ्यावर येते. समजा, असं अ‍ॅप तुम्हाला बनवायचं आहे. गट नंबर, सामाईक खातं, पोटखराबा म्हणजे काय, हे माहीत नसेल तर? सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात हेच ठाऊक नसेल, तर तुम्ही पिकासाठी एकच रकाना ठेवाल आणि कोड अगदी बिनचूक असूनही अ‍ॅप चुकेल. औसा किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. हे 'गावाकडचं' ज्ञान नोकरीत कमीपणाचं नसतं. उलट अशा प्रोजेक्टमध्ये नेमकी त्याचीच टंचाई असते.

न ठरवलेल्या बोलण्यात बराच वेळ जातो. ड्यूएन पेरी, नॅन्सी स्टॉडनमेयर आणि लॉरेन्स व्होटा यांनी टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमचा अभ्यास १९९४ मध्ये छापला. त्यांनी डायऱ्याही भरून घेतल्या आणि प्रत्यक्षही पाहिलं. एक डेव्हलपर रोज सरासरी ७५ मिनिटं आधी न ठरलेल्या बोलण्यात घालवत होता. कोणीतरी येऊन काही विचारतं, कोणाला तरी आपण जाऊन विचारतो, त्याचा हा वेळ.

सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणजे शेजारचा माणूस. २००७ मध्ये अँड्र्यू को, रॉबर्ट डीलाइन आणि जीना व्हेनोलिया यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या १७ डेव्हलपरना प्रत्येकी साधारण दीड तास पाहिलं आणि त्यांना पडणाऱ्या प्रश्नांचे २१ प्रकार काढले. उत्तरासाठी ते सर्वात जास्त वेळा सहकाऱ्यांकडेच वळत होते. "हा कोड असा का लिहिलाय?" यासारख्या प्रश्नांची उत्तरं मिळणं अवघड होतं, कारण ती कुठे लिहिलेली नसतात, कोणाच्या तरी डोक्यात असतात. तो माणूस रजेवर असेल तर काम तिथेच थांबतं.

वाचणं जास्त, लिहिणं कमी. २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात शिन शिया आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ७८ व्यावसायिक डेव्हलपरची ३,१४८ तासांची नोंद तपासली. सुमारे ५८ टक्के वेळ कोड समजून घेण्यात गेला होता. प्रत्यक्ष बदल टाइप करायला लागलेला वेळ ५ टक्क्यांच्या आसपास होता.

भारतात आणि पुण्यात काय झालं?

पुण्याचं नाव या विषयात जुनं आहे. १९८१ मध्ये टाटा समूहाने पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू केलं. सॉफ्टवेअर चांगलं आणि कमी चुकांचं कसं बनवायचं, यावर तिथे संशोधन सुरू झालं, तेव्हा हिंजवडीचं आयटी पार्क कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. भारतातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या संशोधकांची परिषद, 'आयसेक', २००८ मध्ये सुरू झाली आणि तिची दुसरी बैठक फेब्रुवारी २००९ मध्ये पुण्यात भरली.

भारतीय टीमच्या रोजच्या कामाचं जवळून दर्शन देणारा एक महत्त्वाचा अभ्यास रशिना होडा यांचा आहे. न्यूझीलंडमधल्या विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी न्यूझीलंड आणि भारत इथल्या २३ संस्थांमधल्या ५८ जणांशी बोलून आणि काही टीम प्रत्यक्ष पाहून 'अजाइल' पद्धतीने काम कसं चालतं ते शोधलं. अजाइलमध्ये ग्राहकाने टीमबरोबर सतत बोलत राहावं अशी अपेक्षा असते. पुस्तकात हे सोपं वाटतं. खऱ्या टीममध्ये दिसलं की अनेक ग्राहक वेळच देत नाहीत. काही टीम तर ग्राहकाला न सांगता, आतल्या आत अजाइल पद्धत वापरत होत्या.

होडा यांना आणखी एक गोष्ट सापडली. टीममध्ये काही भूमिका कोणाच्याही पदनामात नसतात, पण त्यांच्याशिवाय काम चालत नाही. त्यातली एक 'दुभाषा'. हा ग्राहकाची धंद्याची भाषा डेव्हलपरला आणि डेव्हलपरची तांत्रिक भाषा ग्राहकाला समजावतो. घरी आजीला यूपीआय समजावून सांगणाऱ्या मुलामुलींनी या कामाची सुरुवात केव्हाच केलेली असते.

बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये समाजशास्त्रज्ञ कॅरोल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांनी भारतीय आयटीतल्या माणसांच्या कामाचा आणि जगण्याचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २००६ मध्ये आला, आणि याच विषयावर उपाध्य यांचं पुस्तक २०१६ मध्ये निघालं. कोडच्या पलीकडे परदेशी क्लायंट, वेळेचं गणित आणि घर यांची ओढाताण त्यात आहे.

पाहणं आणि पाळत ठेवणं यातला फरक

कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो. वर्गात साहेब तपासणीला आले की काय होतं, ते आठवा. याला 'हॉथॉर्न परिणाम' म्हणतात. अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान झालेल्या प्रयोगांवरून हे नाव पडलं. म्हणून संशोधक बऱ्याचदा पहिले काही तास नुसतेच बसून राहतात, म्हणजे समोरचा माणूस त्यांना विसरतो.

दुसरी गोष्ट संमतीची. चांगल्या अभ्यासात डेव्हलपरची परवानगी घेतात, नाव लपवतात आणि तो कधीही "बस झालं" म्हणू शकतो. ही नोंद साहेबाकडे जात नाही. कर्मचाऱ्याच्या माऊसच्या क्लिक मोजून त्यावर पगारवाढ ठरवणं, हा अभ्यास नाही. ती पाळत झाली. ५८ टक्के वेळ जर समजून घेण्यात जात असेल, तर क्लिक मोजून काय हाती लागणार?

मग आपण तयारी कशी करायची?

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या मुलांना एक मोठी गोष्ट दिली: रोज बसायचं, पेपरमागून पेपर सोडवायचे, झालेली चूक पुन्हा करायची नाही. ही शिस्त नोकरीतही उपयोगी पडते. पण परीक्षेत प्रश्न छापलेला असतो, उत्तर एकच असतं आणि शेजाऱ्याला विचारणं म्हणजे कॉपी. नोकरीत प्रश्नच धूसर असतो, उत्तरं तीन-चार असतात आणि शेजाऱ्याला न विचारणं ही चूक ठरते.

अँड्र्यू बिगेल आणि बेथ सायमन यांनी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये नव्याने लागलेल्या आठ जणांचा अभ्यास छापला. कॉलेजात हुशार असलेली ही मुलं प्रश्न विचारायला कचरत होती आणि एकटीच बराच वेळ अडकून पडत होती. "विचारलं तर मला येत नाही हे कळेल" ही भीती अमेरिकेतही आहे. मराठी माध्यमातून पुण्याला गेलेल्या मुलाला त्यात इंग्रजीचा संकोचही जोडला जातो. म्हणजे दोष तुमच्यात नाही, पण सवय लवकर लावून घ्यावी लागेल.

नांदेड-लातूरला घरी बसून, हातातल्या फोनवरही करता येतील अशा तीन गोष्टी:

१. दुसऱ्याचा कोड वाचा. विकिपीडियाच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला आहे. तिथे 'पुल रिक्वेस्ट' उघडा. एका छोट्या बदलावर लोक काय चर्चा करतात, कोण कोणाला काय विचारतं, ते वाचा. कोड पूर्ण कळला नाही तरी चालेल.

२. आपलीच फील्ड स्टडी करा. कॉलेजच्या प्रोजेक्टवर काम करताना एक आठवडा वही ठेवा. चार रकाने पुरे: वेळ, काय करत होतो, कुठे अडलो, कोणाला किंवा कुठे विचारलं. दर १५ मिनिटांनी एक ओळ. सुरुवातीलाच अंदाज लिहून ठेवा की किती वेळ टाइप करण्यात जाईल, आणि शेवटी ताळा करा.

३. प्रश्न नीट विचारायचा सराव करा. "सर, चालत नाही" एवढंच म्हणू नका. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, एवढं चार ओळींत सांगा. अर्धा तास अडकलात की विचारा. तीन दिवस थांबू नका.

नेहमी पडणारे दोन प्रश्न

*म्हणजे कोडिंग चांगलं नसलं तरी चालतं का?*
नाही. बदल पाच ओळींचा असला तरी तो बरोबर जागी आणि बरोबर रीतीने करायला कोडिंग पक्कंच लागतं. फक्त त्या पाच ओळींपर्यंत पोचायचा रस्ता लांब आहे, आणि तो वाचत-विचारत जातो.

*एआय आल्यावर हे सगळे जुने अभ्यास बाद झाले का?*
टाइप करायचं काम एआय बरंच उचलतं. पण ते काम आधीही लहानच होतं. एआयने लिहिलेला कोडही शेवटी कोणाला तरी वाचून, समजून, बरोबर आहे की नाही ते ठरवावं लागतं. आणि एआयमुळे आपलं काम खरंच वेगाने झालं का, हे कळायला नुसतं 'वाटतंय' म्हणून चालत नाही. घड्याळ लावून मोजावं लागतं.

पुढच्या वेळी दादा किंवा ताई दिवाळीला पुण्याहून घरी आली, की "पॅकेज किती?" हा प्रश्न सगळे विचारतीलच. तुम्ही दुसरा विचारा: "काल सकाळी दहा ते बारा तू नेमकं काय काय केलंस?" मग मध्ये न बोलता ऐका. त्या दोन तासांच्या हिशोबातून तुम्हाला या नोकरीबद्दल खूप काही कळेल.